‘आमच्यानंतर’ या शब्दाभोवती

जयवंत दळवींची ‘संध्याछाया’ आणि ‘नातीगोती’ ही दोन नाटकं लागोपाठ वाचली, तर दुसरं नाटक पहिल्याला उलटं करून लिहिल्यासारखं वाटतं. ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींची मुलं वाढली, शिकली आणि घराबाहेर पडली, एक अमेरिकेत, दुसरा सैन्यात. मागं राहिलं ते घर आणि वाट पाहणं. ‘नातीगोती’तल्या काटदरे पती-पत्नीचा बच्चू अंगानं वाढतो आहे, बुद्धीनं नाही, आणि तो घर सोडून कुठंही जाणार नाही. पहिल्या नाटकात मुलं गेल्याचं दुःख आहे, दुसऱ्यात मूल कधीच न जाण्याचं. यातलं पहिलं दुःख मराठी मध्यमवर्गाला अधिक ओळखीचं, आणि खरं सांगायचं तर अधिक सोयीचं. मुलगा अमेरिकेत असतो हे डोळे पुसत सांगता येतं आणि त्याच दमात मिरवताही येतं. मुलगा चाळीस वर्षांचा आहे आणि घरीच असतो, हे सांगितलं की ऐकणारा विषय बदलतो.

मी जयपूरला राहते आणि मराठी-हिंदी अशी दोन्हीकडची हमाली करते. काही मित्रांच्या घरगुती वाचनासाठी ‘नातीगोती’ हिंदीत करायला घेतलं, तेव्हा पहिली अडचण आली ती नाटकाच्या संवादांत नाही, तर विषयाच्या नावात. अशा आईबापांच्या अवस्थेला आता सगळीकडे ‘ताण’ म्हणतात. शब्द चांगला आहे. हिंदीत ‘तनाव’ म्हणून सहज जातो, समुपदेशकांच्या तोंडी शोभतो, पाहणीच्या तक्त्यात बसतो. पण मी ज्या घरांत वाढले तिथं या अवस्थेला ‘घोर’ म्हणत. जिवाला घोर लागणं. ताण हा आजचा असतो, तो येतो आणि थोडा सैलही होतो. घोर हा पुढच्या काळाचा असतो. मुलगी उशिरापर्यंत आली नाही तर घोर लागतो, म्हणजे जे अजून घडलेलं नाही त्याचा. हिंदीत ‘घोर’ आहे, पण तो घोर अन्याय, घोर अंधार असा विशेषण होऊन बसलेला. नामाची जागा रिकामी. ‘चिंता’, ‘फ़िक्र’ हे दोन्ही त्या मानानं हलके.

मला जे म्हणायचं आहे ते या एका शब्दात मावतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलांच्या आईबापांबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक ताणाबद्दल आहे. घोराला रूप द्यायचं कसं, हा प्रश्न फार थोड्या लेखकांनी अंगावर घेतला.

दळवींचं मोठेपण आधी मान्य केलं पाहिजे. त्यांनी आईबापांना संत केलं नाही. ऐंशीचं दशक सरताना हे नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा अशा मुलांना ‘देवाघरची फुलं’ म्हणण्याची रीत होती आणि त्यांच्या आयांना त्यागमूर्ती. दळवी त्या वाटेला गेले नाहीत. त्यांच्या काटदऱ्यांना थकायची मुभा आहे, चिडायची आहे, मनात नको ते येण्याचीही आहे. काटदऱ्यांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली होती आणि बच्चूची अतुल परचुरे यांनी. पुढं १९९१मध्ये संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’त प्रभावळकर स्वतःच बच्चूच्या बाजूला गेले: अंगानं पुरुष, मनानं पोर असा नंदू. अवघ्या काही वर्षांत एकाच नटानं बाप आणि मुलगा या दोन्ही बाजू अंगावर वागवल्या, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण ‘चौकट राजा’ मी पुन्हा पाहिला तेव्हा मला नंदूपेक्षा त्याची आई पाहावीशी वाटत होती. सुलभा देशपांडे यांनी ती केली आहे. कॅमेरा जरा वेळ थांबला असता तर त्यांच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळलं असतं. चित्रपटाला मात्र मीनलची गोष्ट सांगायची आहे. नंदूची अवस्था लहानपणच्या अपघातातून आलेली, त्या अपघाताशी बालमैत्रिणीचं नातं, आणि ती मैत्रीण आता मोठी होऊन, लग्न होऊन त्याच्यासमोर उभी. अपघात आला की ‘आधी’ आणि ‘नंतर’ तयार होतं, अपराधी तयार होतो, प्रायश्चित्तही. कथेला हे सगळं फार सोयीचं. ज्या घरात मूल जन्मापासूनच तसं आहे तिथं ‘आधी’ नसतं आणि कुणाकडे बोट दाखवायची सोयही नसते. आईचा घोर मैत्रिणीच्या अपराधभावाखाली दबून जातो. चित्रपट चांगला आहे, प्रभावळकर तर फारच. पण तो आईबापांचा चित्रपट नाही.

जयपूरमध्ये राहून हे जास्त जाणवतं, कारण अपंगत्वाची सगळ्यात यशस्वी गोष्ट याच शहरानं जगाला दिली आहे. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी इथं जो कृत्रिम पाय घडवला, तो ‘जयपूर फूट’ म्हणून कुठं कुठं पोचला. त्या पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रन यांच्यावर १९८५मध्ये तेलुगूत ‘मयूरी’ आणि पुढच्या वर्षी हिंदीत ‘नाचे मयूरी’ निघाला. या गोष्टीचा आराखडा पाहा: अपघात, निराशा, पाय, जिद्द, नृत्य. पडदा. मी त्या पायाला नावं ठेवत नाही. माळवीय नगरातल्या केंद्रातून चालत बाहेर पडणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत तो ठेवणारच नाही. पण हा आराखडा इतका पक्का बसला आहे की ज्या अक्षमतेवर पाय बसवता येत नाही तिची गोष्टही आपण त्याच साच्यात ओततो. मग मुलाला एखादी कला द्यावी लागते, धावण्याची शर्यत द्यावी लागते, निदान शेवटी एक मिठी.

सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकानं १९६२मध्ये एक छोटा लेख लिहिला. अशा आईबापांचं दुःख हा आजार नाही, ते आयुष्यभर सोबत राहणारं आणि परिस्थितीला धरून असलेलं दुःख आहे, त्यांना ‘आता स्वीकारा आणि पुढं चला’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, असा त्याचा रोख. त्यानं वापरलेल्या संज्ञेला मराठीत ‘जुनाट दुःख’ म्हणावं का? खोकला जुनाट असतो, संधिवात जुनाट असतो. शब्दाला औषधाच्या दुकानाचा वास आहे. ‘मुरलेलं दुःख’ मला बरं वाटतं, मुरंब्याचा गोडवा त्यात आला तरी.

मुरण्याला वेळ लागतो आणि नाटकाजवळ अडीच तास असतात. ‘नातीगोती’चा शेवट मी सांगणार नाही, पण तिथंही पडदा पडतो आणि पडण्यासाठी काहीतरी घडावं लागतं, ही नाटकाची अट आहे. आमच्या वाचनाला माझी मावशी आली होती. काका नोकरीनिमित्त इथं आले तेव्हापासून ती जयपूरची. आता शहात्तर वर्षांची आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, अठ्ठेचाळीसचा. वाचन संपल्यावर मंडळी दळवींच्या धाडसाबद्दल बोलत होती. मावशी गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “अगं, तो नाटकातला मुलगा आता केवढा असेल गं?” मी हिशेब केला. पन्नाशी ओलांडली असेल. “म्हणजे ती दोघं नसतील आता,” मावशी म्हणाली. नंतर घर येईपर्यंत ती बोलली नाही.

‘नातीगोती’वरची इतकी नेमकी टीका मी कुठं वाचलेली नाही. हा दोष दळवींचा नव्हे. पडदा पडल्यावरची पस्तीस वर्षं कुठलंच नाटक लिहू शकत नाही. पण ती लिहिलीच गेली नाहीत असंही नाही.

पर्ल बक यांची ‘द गुड अर्थ’ (१९३१) ही कादंबरी आपण शेतकऱ्याची, जमिनीची, दुष्काळाची म्हणून वाचतो. वांग लुंगची थोरली मुलगी बोलत नाही, तिची समज वाढलेली नाही. उन्हात बसून एक चिंधी चुरगाळत हसत असते. वाचक तिला विसरतो, कारण कादंबरीतले बाकीचे सगळे तिला विसरतात. फक्त म्हाताऱ्या बापाला शेवटी एकच घोर असतो, की आपल्यामागं हिला खायला कोण घालेल, थंडीत आत कोण आणेल. तो विषाची पुडी आणतो आणि पेअर ब्लॉसम या तरुण बाईच्या हाती देतो: मी गेलो की हिच्या भातात कालव. ती पुडी वापरायला ती तयार होत नाही, मी सांभाळीन म्हणते. पानभराचाही नसेल हा प्रसंग. पण माझ्या मते सगळ्या कादंबरीचा भार या पुडीत आहे. जमीन मुलांना देता येते; ही मुलगी कुणाला द्यायची? त्या विषाला क्रौर्य म्हणून वाचणाऱ्याला घोर काय ते कळलेलं नाही. आणि त्याला प्रेम म्हणून मोकळं होणाऱ्यालाही नाही.

बक यांची लेक कॅरल १९२०ची. १९२९मध्ये त्यांनी तिला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेत ठेवलं आणि तिच्या जन्मभराच्या खर्चाची तजवीज हे पैसे देणारं लिखाण करण्यामागचं एक कारण झालं. म्हणजे ‘द गुड अर्थ’ एका अर्थी त्या पुडीऐवजी लिहिली गेली. कॅरलबद्दल उघडपणे लिहायला मात्र त्यांना १९५० उजाडावं लागलं; तोवर नोबेल मिळूनही बारा वर्षं झाली होती.

केन्झाबुरो ओए यांनी उलटं केलं. मुलगा हिकारी १९६३मध्ये मेंदूच्या व्यंगासह जन्मला. दुसऱ्याच वर्षी ‘अ पर्सनल मॅटर’ आली, ज्यात बर्ड नावाचा तरुण बाप मूल मरावं अशी वाट बघतो आणि शेवटी त्याला घरी आणायचं ठरवतो. त्याच वर्षीच्या ‘आग्वी’ या कथेत दुसरा बाप उलटा निर्णय घेतो. दोन्ही शेवट लिहून झाले, तर लेखकानं विषय संपला म्हणावं. ओएंनी तो संपू दिला नाही. पुढची कित्येक दशकं तोच मुलगा, तेच घर, तोच बाप, पुस्तकामागून पुस्तक. समीक्षकांना हा तोचतोपणा खटकला तर नवल नाही. मला वाटतं, घोराचं रूप हेच असू शकतं: पुन्हा तेच, फक्त सगळे एका वर्षानं मोठे.

१९८३चं ‘राउज अप ओ यंग मेन ऑफ द न्यू एज’ हे त्यातलं मला सर्वांत जवळचं. मुलगा वीस वर्षांचा व्हायला आला आहे. बाप परदेशातून परततो तर घरात वेगळंच वातावरण; बाप नसताना मुलगा आडदांड वागला, आणि बाबा मेले असंच धरून बसला. येणार आहेत असं सांगूनही ऐकेना. आपल्या मरणाची रंगीत तालीम बापाला अशी ऐकायला मिळते. तो एक विलक्षण काम हाती घेतो: मुलासाठी जगातल्या गोष्टींच्या व्याख्या लिहायच्या, आपण नसताना त्याला उपयोगी पडतील अशा. काम कधीच पुरं होत नाही. नदी कशी समजावणार, मरण कसं? जमलेली एक व्याख्या आहे पायाची. बापाचा पाय संधिवातानं सुजलेला असतो आणि मुलगा त्या पायाशीच प्रेमानं बोलतो, चांगला पाय आहे म्हणतो. जयपूरमध्ये बसून हे वाचताना मला हसू आलं. आमच्याकडचा पाय माणसाला चालवतो, ओएंचा पाय बापलेकांना एका जागी बसवतो.

पुस्तकाच्या शेवटी मुलगा लाडक्या टोपणनावाला ओ देत नाही. धाकटा भाऊ खऱ्या नावानं हाक मारतो, तेव्हा तो येतो. बापाला कळतं की आपलं पोर पुरुष झालं आहे, आणि हे कळायला आपल्यालाच वेळ लागला.

ओएंबद्दल माझी तक्रार एकच. बाप लिहितो, कारण आई जेवायला वाढते. युकारी ओए या पुस्तकांत सगळीकडे आहेत, पण लेखणी त्यांच्या हाती येत नाही. ‘अ क्वायट लाइफ’मध्ये (१९९०) निवेदन बहिणीकडे जातं, आईबाप कॅलिफोर्नियाला गेल्यावर भावाला सांभाळणाऱ्या मुलीकडे. ‘आमच्यानंतर’चं ओझं कुणाच्या खांद्यावर जाणार, हे त्या निवडीतूनच कळतं.

आणि मुली? बच्चू, नंदू, हिकारी, सगळे मुलगे. वयात आलेल्या मुलीच्या आईचा घोर माझ्या वाचनातल्या मराठी नाटक-कादंबरीत मला सापडला नाही. तो सापडतो १९९४च्या वर्तमानपत्रांत. त्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद म्हटलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मासिक पाळीची स्वच्छता हे कारण सांगितलं गेलं, बलात्कार झाला तर गर्भ राहू नये हे कुजबुजलं गेलं. विरोध करणारे बरोबर होते. पण ज्या आयांना मनातून हा उपाय पटला, त्यांच्या मनात काय चाललं होतं हे कुणी लिहायला हवं होतं, आणि ते लेखाचं काम नव्हतं, कादंबरीचं होतं. तमिळमध्ये राम यांच्या ‘पेरन्बू’नं (२०१८) त्या दारावर हात तरी ठेवला: मम्मुट्टींचा बाप, वयात येणारी लेक, आणि बापानं मुलीच्या देहाला कसं सामोरं जावं हा प्रश्न.

मराठी गद्य सुरू होताना मात्र वेगळं काहीतरी घडलं होतं. तेराव्या शतकातल्या ‘ऋद्धिपूरचरित्रा’तले गोविंदप्रभू हे महानुभावांचे परमेश्वरावतार, त्यांना माझ्या विषयाच्या कप्प्यात कोंबायचं नाही. पण ज्यांचं वागणं जगाला वेड्यासारखं दिसतं, जे लहान मुलासारखे हट्ट करतात, कुणाच्याही घरात शिरतात, खेळतात, रुसतात, अशा एका माणसाभोवती सगळं गाव कसं वागतं, हे त्या ग्रंथात लीळेमागून लीळेत दिसतं. कुणी जेवू घालतं, कुणी मागं मागं फिरतं, कुणी चिडतंही. कथानक नाही, शेवटाची घाई नाही, नुसते दिवस. दळवींच्या नाटकात याच्या जागी एक घर, एक बंद दार आणि दोन माणसं आहेत. रिद्धपूर ते मुंबई या प्रवासात गाव गळून पडलं आणि सगळा भार दोघांवर आला.

काही आईबापांनी मग गाव पुन्हा वसवायला घेतलं. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचं खोणीतलं ‘घरकुल’, बदलापूरचं ‘आधार’: पालकांनीच एकत्र येऊन, आपल्यामागं मुलांना जन्मभर राहता यावं म्हणून उभी केलेली ही घरं. २०११च्या जनगणनेनं देशात अशी सुमारे १५ लाख माणसं मोजली. त्यापुढं ही घरं म्हणजे मूठभर.

१९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा याच घोरातून आला. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापांचं पालकत्व कायद्यानं संपतं. पुढं पालक म्हणून नेमून घ्यायचं तर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. मराठीत हे वाक्य ऐकायला चमत्कारिक लागतं: पालकानं पालक होण्यासाठी अर्ज करायचा. हिंदीत अडचण नाही, तिथं ‘माता-पिता’ वेगळे आणि ‘संरक्षक’ वेगळा, आणि ‘पालक’ म्हटलं तर आधी भाजी आठवते. पण आपल्या भाषेनं जन्म देणं आणि सांभाळणं एकाच शब्दात बांधलं आहे, आणि कायदा ती गाठ सोडायला लावतो, कारण सांभाळणारा उद्या कुणी दुसरा असणार आहे.

तो दुसरा कुणीतरी हिंदी बोलणारा असेल, हे मावशीनं ओळखलं आहे. तिची एक दोनशे पानी वही आहे, मराठीत लिहिलेली, आणि ती हिंदीत करून दे म्हणून तिनं माझ्याकडे दिली आहे. दूध कोमट, साय काढून. वीज गेली की हात धरावा, बोलू नये. दाढी करताना आरसा समोर नको. बाहेरच्यांनी ‘बाबू’ म्हणू नये, पूर्ण नावानं हाक मारावी. मी ओए वाचलेले, तिनं नाही. तीस-चाळीस शब्दांची एक यादीही आहे, दादाला कळणाऱ्या मराठी शब्दांची: गार, पुरे, थांब, नीज, येते हं. हे शब्द भाषांतरित करायचे नाहीत. समोर फक्त अर्थ आणि उच्चार द्यायचा, म्हणजे सांभाळणाऱ्यानं ते तसेच म्हणावेत.

अडले आहे ते एका ओळीवर. मावशीनं आधी ‘मी नसले तर’ असं लिहिलं होतं, ते खोडून वर ‘मी नसेन तेव्हा’ असं केलं आहे. हिंदीत ‘मेरे न रहने पर’ हे सर्वांत सहज, कानाला बरं, पण त्यात ‘तर’ आणि ‘तेव्हा’ एक होऊन जातात. ‘जब मैं नहीं रहूँगी’ जरा टोचतं. तेच ठेवते आहे.